धुऱ्यावरची छोटी निळी फुलपाखरं ओळखायची कशी?

पावसाळ्यात विदर्भातल्या कुठल्याही धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, चाललात तर पायापुढून काहीतरी निळसर-राखाडी उडतं, हातभर लांब जाऊन आखूड गवतात पुन्हा बसतं आणि पंख मिटून घेतं. बहुतेक लोक त्याला नुसतं ‘बारकं फुलपाखरू’ म्हणून पुढे जातात. नीलवंताला महाराष्ट्राने २०१५ मध्ये राज्य फुलपाखराचा मान दिला, त्यामुळे तो शाळकरी पोरांनाही माहीत आहे. पण आपल्याच वावरात वर्षभर असणाऱ्या या बारक्यांची नावं विचारली तर भलेभले निसर्गप्रेमीही ‘ग्रास ब्लू असेल’ एवढ्यावर थांबतात. त्या एका ‘ग्रास ब्लू’ शब्दामागे निदान चार वेगळ्या जाती आहेत. त्यांच्याशी गल्लत होणाऱ्या आणखी पाच-सहा जाती शेतात, बोरीबाभळीवर आणि संत्र्याच्या बागेत असतात.

ही सगळी लायसेनिडी कुळातली. त्यांना ओळखणं अवघड नाही, पण त्यासाठी बघायची सवय बदलावी लागते. पद्धत अशी.

निळा रंग आधी बाजूला ठेवा

नवशिक्याची नजर निळ्या रंगावर जाते आणि तिथेच फसते. हा निळा रंग बहुतांशी रंगद्रव्याचा नसतो. पंखांवरच्या खवल्यांची रचना प्रकाश अशा तऱ्हेने परतवते की आपल्याला निळं दिसतं. त्यामुळे ऊन कुठून पडतंय, पंख किती उघडले आहेत, तुम्ही कुठे उभे आहात यावर तो बदलतो. एकच नर सकाळी जांभळट आणि दुपारी फिकट निळा वाटू शकतो. शिवाय बऱ्याच जातींत निळा असतो तो नर, मादी वरून तपकिरी असते आणि निळ्याचा थोडा शिडकावा फक्त पंखांच्या बुडाशी असतो. म्हणजे रंगावर गेलात तर एकाच जातीचे नर-मादी दोन जाती वाटतील आणि चार जातींचे नर एकच वाटतील.

ओळख पटते ती पंखांच्या खालच्या बाजूवरून. फुलपाखरू पंख मिटून बसतं तेव्हा जी बाजू आपल्याला दिसते, तीच. तिथले ठिपके, रेघा, त्यांची जागा आणि त्यांची रांग हे सहसा फसवत नाहीत. निसर्गाने सोय अशी केली आहे की ही फुलपाखरं बसल्यावर बराच वेळ पंख मिटलेलेच ठेवतात.

पहिला प्रश्न शेपटीचा

मागच्या पंखाच्या खालच्या टोकाला केसासारखी बारीक शेपटी आहे का? या एका प्रश्नाने यादी दोन भागांत पडते. शेपटी असेल तर मटर, चवळी, चित्रक अशा झाडांवरच्या जातींकडे जायचं. नसेल तर ग्रास ब्लू, लाइम ब्लू, ग्रास ज्वेल आणि बाभळीवरचे बाबूल ब्लू यांच्यात शोधायचं.

यात एक अडचण आहे. शेपटी तुटते, आणि ती तुटावी अशीच योजना आहे. शेपटीच्या बुडाशी काळा ठिपका असतो, बहुतेकदा नारिंगी कड असलेला. फुलपाखरू बसल्यावर मागचे पंख एकमेकांवर घासत राहतं, त्यामुळे शेपट्या मिशांसारख्या हलतात आणि ते टोक डोकं वाटतं. सरडा किंवा पाखरू तिथे झडप घालतं, त्याच्या तोंडात पंखाचा तुकडा येतो आणि फुलपाखरू निसटतं. म्हणून शेपटी दिसली नाही तर आधी तो कोपरा शाबूत आहे का ते बघा. दोन्ही मागचे पंख एकाच जागी सारखेच कातरलेले दिसले तर समजायचं, कुणीतरी झडप घातली होती. अशा फुलपाखराला ‘बिनशेपटीचं’ धरू नका.

गवतातले चौघे

आता खरा कस लागतो तो इथे. डार्क ग्रास ब्लू, पेल ग्रास ब्लू, लेसर ग्रास ब्लू आणि टायनी ग्रास ब्लू हे चौघे एकाच धुऱ्यावर, एकाच सकाळी भेटू शकतात. चौघांचीही खालची बाजू राखाडी, तिच्यावर पांढऱ्या कडांचे काळपट ठिपके. पंख पसरले तरी रुंदी साधारण दोन ते तीन सेंटीमीटर, टायनीची त्याहूनही कमी भरते.

बघायचं ते पुढच्या पंखाच्या खालच्या बाजूला. पंखाच्या बुडापासून साधारण मध्यापर्यंत शिरांनी वेढलेला एक बंद कप्पा असतो, त्याला सेल म्हणतात. या कप्प्याच्या बाहेरच्या टोकाला एक आडवी काळपट खूण चौघांमध्येही असते. ती सोडून द्या. कप्प्याच्या आत, बुडाच्या बाजूला आणखी एक सुटा ठिपका आहे का, एवढंच बघा.

ठिपका असेल तर तो डार्क किंवा पेल. नसेल तर लेसर किंवा टायनी. निम्मं काम इथे झालं.

एक अडचण सांगून ठेवतो, कारण शेतात ती पावलोपावली येते. बसताना फुलपाखरू पुढचा पंख मागच्या पंखाआड ओढून घेतं आणि नेमका हा कप्पा झाकला जातो. विशेषतः नुकतंच स्थिरावलेलं किंवा झोपी गेलेलं असेल तेव्हा. अशा वेळी थांबायचं. मध प्यायला लागलं किंवा कोवळ्या उन्हाला अंग देऊ लागलं की पुढचा पंख वर सरकतो आणि ठिपका दिसतो. थांबण्याला पर्याय नाही. काडीने डिवचून पंख वर करायचा प्रयत्न केला तर फुलपाखरू उडतं, आणि पुन्हा कुठे बसेल त्याचा भरवसा नसतो.

डार्क आणि पेल यांच्यात वरची बाजू उपयोगी पडते, पण फक्त नरांमध्ये. डार्कचा नर वरून गडद जांभळट निळा आणि कडेला रुंद काळपट पट्टा. पेलचा नर फिकट, चांदीसारखी झाक असलेला निळा, आणि आकारानेही तो थोडा मोठा वाटतो. माद्यांमध्ये मात्र घाई करू नका. दोघींचीही वरची बाजू तपकिरी असते. मादी ओळखायला झाड बघा. पेलची अळी आंबुशीवर वाढते, तीच ती तीन पानांची आंबट वनस्पती, जी विहिरीजवळ, कुंड्यांत आणि अंगणातल्या फरशीच्या फटीत उगवते. डार्कची अळी माठ, काटेमाठ आणि सराट्यावर वाढते. गावाच्या आखरावर, बैलगाडीच्या चाकोरीशेजारी पिवळ्या फुलांचा सराटा पसरलेला असतो. तिथे जमिनीलगत घिरट्या घालणारी तपकिरी मादी दिसली तर तिच्यावर नजर ठेवा. ती एका पानावर बसते, पोट वाकवून पानाच्या कडेला टेकवते, क्षणभर थांबते आणि पुढच्या पानावर जाते. ती गेल्यावर भिंग घेऊन पान बघा. चपटी, मध्ये किंचित खोलगट, हिरवट-पांढरी वर्तुळाकार अंडी दिसतील आणि त्यांच्यावर जाळीसारखी नक्षी असेल. मादीने कुठल्या झाडावर अंडं घातलं हे कळलं की ओळखीला भक्कम आधार मिळतो.

आता दुसरी जोडी. सेलमधला ठिपका नाही, म्हणजे लेसर किंवा टायनी. पुढच्या पंखाच्या वरच्या कडेकडे बघा, म्हणजे फुलपाखरू बसलेलं असताना जी कड आकाशाकडे असते तिकडे. टायनीमध्ये त्या कडेवर, सेलच्या वरच्या बाजूला, लहान काळे ठिपके असतात. लेसरमध्ये ते नसतात. टायनीचे पंख अरुंद आणि लांबट असतात, उडणंही कमजोर, जमिनीलगत थरथरत जाणारं. तिची अळी अडुळशाच्या कुळातल्या वनस्पतींवर वाढते, म्हणून ओढ्याकाठी, तळ्याच्या पाळीवर आणि भाताच्या बांधीच्या ओलसर कडेला ती जास्त भेटते. भंडारा-गोंदियाकडच्या मामा (माजी मालगुजारी) तलावांच्या पाळी तिच्यासाठी चांगल्या जागा आहेत.

लेसरची खूण मागच्या पंखावर असते. ठिपक्यांची मधली ओळ सरळ कमानीत जाण्याऐवजी वरच्या कडेजवळ मोडते. वरून दुसरा ठिपका आत, पंखाच्या बुडाकडे ढकलल्यासारखा दिसतो. एकदा ही मोड नजरेत बसली की लेसर दोन हातांवरूनही कळते. तिची अळी रानमेथीसारख्या जमिनीलगतच्या शेंगवर्गीय वनस्पतींवर असते, त्यामुळे गुरं चरून आखूड झालेल्या गवतात तिला शोधा.

चौघांच्या जोडीला पाचवी भेटते ती ग्रास ज्वेल. भारतातल्या सर्वांत लहान फुलपाखरांत हिचं नाव येतं. वरून ती तपकिरी, म्हणून निळ्यांच्या यादीतून सुटते. पण मागच्या पंखाच्या कडेला काळ्या ठिपक्यांची ओळ असते, त्या ठिपक्यांवर नारिंगी कमान आणि आत धातूसारखी चमक. उन्हात ही चमक दिसली की दुसऱ्या कशाशीही गल्लत होत नाही.

तूर, चवळी, चित्रक, बोर

शेपटीवाल्यांची ओळख ग्रास ब्लूंपेक्षा सोपी आहे, म्हणून भराभर पुढे जातो. तुरीला फुलं लागली की वावरात पी ब्लू दिसते. तिच्या खालच्या बाजूला तपकिरी-पांढऱ्या नागमोडी रेघांची दाटी असते आणि मागच्या पंखाच्या बाहेरच्या भागात एक रुंद पांढरा पट्टा असतो. दुरूनही हा पट्टा उठून दिसतो. तिच्या अळ्या तुरीच्या कळ्या आणि शेंगा आतून खातात, म्हणून शेतकऱ्याला ती आवडत नाही, हे खरं आहे आणि सांगायलाच हवं.

ग्राम ब्लू चवळी, मूग, उडदाच्या आसपास असते. तिच्या शेपटीजवळ नारिंगी टोपीचे दोन काळे ठिपके असतात. फर्गेट-मी-नॉट तिच्यासारखीच राखाडी, पण नारिंगीत वेढलेला ठिपका एकच. दोन की एक, हे मोजलं की झालं. झेब्रा ब्लू तर नावाप्रमाणेच पांढऱ्यावर तपकिरी पट्ट्यांची असते आणि चित्रकाच्या झाडाभोवती राहते. कुणाच्या परसात निळ्या फुलांचा शोभेचा चित्रक असेल तर तिथेही ती येते. बोरीवर कॉमन पियरो असते, पांढरी आणि काळ्या ठिपक्यांची. ती सगळ्यांना ओळखता येते.

बाभळीवरच्या बाबूल ब्लूंबद्दल माझा सल्ला असा की पहिल्या वर्षी त्यांच्या मागे लागू नका. बाभळीच्या शेंड्याला भिरभिरतात, खाली क्वचित येतात आणि त्यांच्यातले फरक बारीक आहेत. ओल्या चिखलावर पाणी प्यायला उतरतील तेव्हा फोटो घेऊन ठेवा.

संत्र्याच्या बागेतली लाइम ब्लू

काटोल, नरखेड, वरुड, मोर्शीकडच्या वाचकांना ही फार दूर शोधायला नको. लाइम ब्लूची अळी संत्रा, मोसंबी, लिंबू यांच्या कोवळ्या पालवीवर वाढते. आंबिया आणि मृग बहाराच्या आसपास झाडाला नवी पालवी फुटते, तेव्हा बागेत ही हमखास असते.

बसलेली लाइम ब्लू अशी ओळखा: शेपटी नाही, मागच्या पंखाच्या बुडाशी पांढऱ्या कडांच्या गोल काळ्या ठिपक्यांची रांग, आणि कोपऱ्यात ठळक नारिंगी टोपी नाही. हिच्याशी गल्लत होते ती प्लेन्स क्युपिडची. तिलाही बुडाशी तसेच ठिपके असतात, पण तिला शेपटी असते आणि शेपटीजवळ नारिंगी टोपी. प्लेन्स क्युपिड बंगल्यांच्या आणि सरकारी विश्रामगृहांच्या आवारातल्या सायकस या शोभेच्या झाडावर वाढते, त्यामुळे तालुक्याच्या गावात ती जास्त दिसते.

लाइम ब्लूची अळी शोधायची युक्ती म्हणजे आधी मुंग्या शोधायच्या. कोवळ्या फांदीवर मुंग्या सारख्या एकाच जागी घुटमळताहेत असं दिसलं की तिथली पानं उलटी करून बघा. चपटी, पानाच्याच हिरव्या रंगाची, डोकं अंगाखाली दडवलेली अळी असते. तिच्या पोटाच्या सातव्या खंडावर पाठीच्या बाजूला एक ग्रंथी असते, तिच्यातून गोड थेंब येतो. मुंगी मिशांनी अळीला थोपटते, थेंब येतो, मुंगी तो पिते. मुंग्यांची ये-जा असली की गांधीलमाश्या आणि परजीवी माश्या अळीजवळ सहज फिरकत नाहीत. भिंगातून हे पाहायला मिळालं तर दहा मिनिटं तिथून हलू नका. मुंगी बाजूला झाल्यावर आठव्या खंडावर दोन बारीक मऊ शिंगं बाहेर येऊन पुन्हा आत जाताना दिसतात, आणि तसं झालं की मुंग्या लगबगीने धावतात.

जवळ कसं जायचं, फोटो कसा घ्यायचा

सकाळी साधारण आठ ते अकरा ही वेळ चांगली. त्याआधी, दव असताना, ग्रास ब्लू गवताच्या तुऱ्यावर पंख मिटून बसलेली असते आणि फारशी उडत नाही. ऑक्टोबर ते डिसेंबरमधली दवाची सकाळ फोटोसाठी सर्वांत उत्तम. ऊन चढलं की पंख अर्धे उघडून ती ऊब घेते. वरच्या बाजूचा फोटो तेव्हाच मिळतो.

सूर्य कुठे आहे ते बघून असं चाला की तुमची सावली फुलपाखरावर पडणार नाही. सावली पडली की ते उडतं. दोन मीटरवर थांबा, खाली बसा, मग गुडघ्यावर हळूहळू सरका. हात झटकन पुढे करू नका. मोबाइल असेल तर अगदी नाकाशी नेण्यापेक्षा दुप्पट झूम करून थोडं लांबून घेतलेला फोटो बरा येतो.

पहिला फोटो खालच्या बाजूचा, तोही पंखाला समांतर मोबाइल धरून. तिरका घेतला तर अर्धे ठिपके धूसर होतात आणि सेलमधला ठिपका आहे की नाही हा वाद घरी आल्यावर सुटत नाही. दुसरा फोटो, जमला तर, पंख उघडल्यावर वरच्या बाजूचा. तिसरा ज्या झाडावर बसलं त्या झाडाचा, पान आणि फुलासकट. हा तिसरा फोटो बहुतेक लोक विसरतात.

जाळं वापरू नका. इतक्या लहान पंखांचे खवले बोटांना लागूनच जातात. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीत काही फुलपाखरंही आहेत आणि ती पकडणं हा गुन्हा ठरतो. ओळखीसाठी फोटो पुरेसा आहे.

आणि एक गोष्ट चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया इकडच्या जंगलालगतच्या गावांसाठी. फुलपाखराच्या मागे माणूस वाकतो, बसतो, गवतात सरकतो आणि त्याचं लक्ष पूर्णपणे हातभर जागेवर असतं. वाघ-बिबट्यांचा वावर असलेल्या शिवारात हे धोक्याचं आहे. पहाटे आणि सांजवेळी एकट्याने तिथे जाऊ नका. दोघं जा, एकाने उभं राहून आजूबाजूला लक्ष ठेवावं. गवतात घोणस आणि मण्यार असतात, म्हणून पायात बूट हवेतच, आणि हात टेकण्यापूर्वी जागा बघायची. कपाशीवर फवारणी झाली असेल तर त्या वावरात पुढचे काही दिवस शिरू नये.

नोंद

वही साधी चालते. तारीख, वेळ, गाव, जागा, कुठल्या झाडावर, काय करत होतं, आणि दिसलेल्या खुणा. नाव सगळ्यांत शेवटी लिहायचं. नमुना असा:

‘१२ ऑक्टोबर, सकाळी ९. सोयाबीन निघालेलं वावर, पूर्वेचा धुरा. एक फुलपाखरू, शेपटी नाही, कोपरा शाबूत. पुढच्या पंखात सेलमध्ये ठिपका नाही. वरच्या कडेवरही ठिपके नाहीत. मागच्या पंखात वरून दुसरा ठिपका आत. रानमेथीवर बसलं. लेसर ग्रास ब्लू.’

खूण दिसली नसेल तर ‘ग्रास ब्लू, जात कळली नाही’ असं लिहा. अशी नोंद पूर्ण उपयोगाची असते. अंदाजाने घातलेलं नाव मात्र पुढच्या माणसालाही चुकवतं. सप्टेंबरमध्ये देशभर ‘बिग बटरफ्लाय मंथ’ साजरा होतो, तेव्हा आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर फोटो टाकलेत तर जाणकारांची नजर लवकर पडते. फोटो तीन बाजूंचे असतील तर नाव नक्की व्हायची शक्यता बरीच वाढते.

धुरा राखला तर

ही फुलपाखरं ज्या झाडांवर वाढतात त्यांना आपण तण म्हणतो. आंबुशी, सराटा, काटेमाठ, रानमेथी. पूर्वी निंदणात ती वावरातून निघायची, पण धुऱ्यावर राहायची. आता तणनाशकाचा पंप धुऱ्यावरही फिरतो आणि वर्षभर तिथे पिवळं गवत उरतं. मला हे मनापासून टोचतं, कारण पिकाला त्या धुऱ्याच्या तणाचा फारसा त्रास नसतो. पिकात काय करायचं ते ज्याचं त्याने ठरवावं, पण धुऱ्याचा निदान एका बाजूचा पट्टा फवारणीतून सोडा आणि गवत वाढलंच तर विळ्याने कापा. कापतानाही एकदम सगळं न कापता अर्धं आज, अर्धं पंधरा दिवसांनी. तेवढ्यात अळ्या कोशात जातात किंवा शेजारच्या पट्ट्यात सरकतात.

उन्हाळ्यात

एप्रिल-मेमध्ये धुरे करपतात. तेव्हा ओलाव्याकडे जा: ठिबकची ओल असलेलं संत्र्याचं आळं, हातपंपाभोवतीचा चिखल, रोपवाटिका, सांडपाण्याच्या नालीची कड. तिथे आंबुशी आणि माठ हिरवे असतात आणि पेल ग्रास ब्लू, डार्क ग्रास ब्लू टिकून राहतात. या दिवसांतल्या फुलपाखरांच्या खुणा फिकट झालेल्या असतात. पावसाळ्यात काळे ठसठशीत दिसणारे ठिपके आता तपकिरी, पुसट होतात आणि खालची बाजू मातकट. वेगळी जात समजू नका. ठिपक्यांची जागा तीच राहते, म्हणून रंग न बघता पुन्हा सेल, वरची कड आणि मागच्या पंखाची ओळ याच क्रमाने बघत जा.